साक्षीआधीच्या चार रात्री

कापडे, वरचा माळ
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय अक्षू,

तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांनी आलेल्या पाच ओळी, त्याही छापील. तुझं अक्षर माझ्या हाती लागू नये, एवढी काळजी घेतलीस. "गुरुवारी महाडच्या कोर्टात बिलालच्या केसमध्ये तुझी साक्ष आहे. त्याआधी एक रात्र माळावर राहा, माझ्या तंबूत, एकटी. मग काय बोलायचं ते ठरव." वर 'प्रिय' नाही की खाली 'तुझी' नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पाकिटावरचा डेहराडूनचा पत्ता या वहीत उतरवून घेतला आहे.

तर मी आले आहे. त्रेसष्टाव्या वर्षी, गुडघ्यांना पट्टे बांधून. तंबू खालच्या घराच्या माळ्यावर पडून होता. सहा वर्षांपूर्वीच्या त्या रात्री फाटलेली बाजू मी गोधडीच्या दोऱ्याने शिवली. सोनबाने तो डोक्यावरून वर आणून उभा करून दिला. अजून तोच आपली जमीन कसतो. त्याची बायको बयाबाई मागून भाकरी घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून तंबूकडे बघत राहिली.

"बाई, म्हातारपणी ही कसली हो थेरं? खाली चांगलं पत्र्याचं घर हाय, नि तुम्ही ह्या फडक्यात निजणार?"

"अक्षूने सांगितलंय."

"ती नाय आली ती? तुम्हाला पाठवलंन?" असं म्हणून ती हसली. सोनबा हसला नाही. माझ्याशी बोलताना तो हल्ली दुसरीकडेच बघतो.

आता साडेनऊ झालेत. विजेरी दोरीला टांगली आहे. पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये नऊ वाजता सिस्टर ऑगस्टा अशीच विजेरी घेऊन आमच्या खाटांमधून फिरायच्या. दिवा जाण्याआधी प्रत्येकीने दिवसभरात काय चुकलं ते मनात म्हणायचं, असा नियम होता. मी हुशार होते. रोज एखादं लहानसं पाप शोधून ठेवायचे. दूध मोरीत ओतलं, रेणूची रिबन लपवली. असं एखादं सांगितलं की मोठ्याची वेळच यायची नाही. मग खिडकीबाहेर सिल्व्हर ओकची झाडं घुमायची आणि मी पांघरूण तोंडावर घ्यायचे. अंधाराची भीती मला तिथे लागली आणि माझ्याकडून ती तुला लागली. तू चार वर्षांची असताना माझा पदर मुठीत धरून झोपायचीस. ती मूठ सोडवायला मला अर्धा तास लागायचा. सोडवावीशी वाटायची नाही, हेही खरं.

त्या रात्रीबद्दल लिहिते. मी काही राक्षसीण नव्हते, अक्षू. त्या वर्षी घाटाखाली दोन वासरं गेली होती. तू एकटी, रानात, कॅमेरे लावून खवले मांजराची वाट बघत बसलेली. कुठल्याही आईला बिबट्याच दिसेल. मी महाडहून सोनबाला फोन केला आणि एवढंच म्हणाले की वर जनावर आहे, पोर एकटी आहे, माणसं घेऊन जा. पुढे जे झालं ते अंधारात झालं. मी तिथे नव्हते.

बाहेर काहीतरी भुंकलं. कुत्रा नाही. एकदाच, खोकल्यासारखं. थांबते.

आई


सोमवार, ८ डिसेंबर
माळावरच

अक्षू,

एक रात्र म्हणाली होतीस. मी दुसरीला बसले आहे, कारण पहिल्या रात्रीनंतर मला काहीच ठरवता आलं नाही.

ते भुंकणं भेकर हरणाचं होतं. सोनबाने सकाळी सांगितलं. तुला तर आवाजावरूनच कळलं असतं. मी मात्र अर्धा तास शिट्टी दातांत धरून बसले होते. मग केव्हातरी तंबूच्या कापडाला लागून श्वास ऐकू आला. मोठा, ओलसर. आत घेतला जातोय, बाहेर सोडला जातोय. माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. 'आवर फादर' म्हणायला गेले तर पुढच्या ओळी आठवेनात, मग रामरक्षा सुरू केली, तीही अर्धीच येते. माझं शिक्षण हे असं दोन्हीकडून अर्धवट. शेवटी बाहेरचं ते हंबरलं. बयाबाईचं पारडू दावं तोडून आलं होतं. माझ्या शिवणीचा दोरा चघळत उभं होतं.

मी हसले, अक्षू. एकटीच, मोठ्याने. आणि हसता हसता वाटलं, हे आत्ता कुणाला तरी सांगायला हवं. किती वेळ हातात फोन धरून बसले.

पहाटे तीनला डुकरं आली. खालच्या तुकड्यात सोनबाने वाल केलाय, त्यात घुसली. मातीत नाक खुपसल्याचा आवाज, वेल ओढल्याचा आवाज. मी ओरडले. शब्द नव्हता, नुसता आवाज. लगेच खालच्या माचाणावरून सोनबाची हाक आली, "होऽऽ हो!" त्याच्या पलीकडच्या माचाणावरून रामाची. पत्र्याचा डबा वाजला, डुकरं ओढ्याकडे पळाली.

तुझे बाबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी थंडीत या खोऱ्यात बारा माचाणं असायची. एकाने हाक दिली की दुसऱ्याने उत्तर द्यायचं आणि ज्याला जवळ पडेल त्याने धावत जायचं. दिवसा बांधावरून भांडण झालेलं असलं तरी. का बोलावलंस, हे विचारायचं नाही. विचारीपर्यंत जनावर पीक खाऊन जातं. आता माचाणं दोनच राहिली, बाकीचे मुंबईला गेले. नियम तेवढा राहिलाय.

सकाळी सोनबा चहा घेऊन वर आला. मी म्हटलं, "त्या रात्रीसुद्धा तू असाच धावलास. बिबट्याचं नाव काढल्यावर कोण थांबेल?"

त्याने बशीतला चहा संपवला. म्हणाला, "बिबट्याचं नाव नव्हतं काढलंत तुम्ही."

"काढलं होतं."

"नाय बाई."

"मग काय म्हणाले होते मी?"

"तुम्हाला ठाव हाय. माझ्या तोंडून कशाला?" तो उठला. "राखणीत हाकेला कारण नाय इचारत. पण तुम्ही कारण दिलंत. न इचारता दिलंत."

मी म्हटलं, सहा वर्षांत माणूस विसरतो. तो म्हणाला, "हां, विसरतो ना," आणि बशी धुवायला गेला.

तुझा राग येतो मला. पाच ओळींत शिक्षा सांगून मोकळी झालीस. तुझी साक्ष मार्चमध्ये झाली तेव्हा तू महाडला येऊन गेलीस आणि माझ्या दाराची बेल वाजवली नाहीस. तुझ्या मैत्रिणीच्या, पूजाच्या आईने तुला चवदार तळ्याजवळ रिक्षाची वाट बघताना पाहिलं. माझ्या घरापासून ते चार मिनिटांवर आहे. तूही काही कमी निष्ठुर नाहीस. माझीच मुलगी.

आई


मंगळवार, ९ डिसेंबर, दुपारी

अक्षू,

हे पत्र दिवसाउजेडी लिहिते आहे, कारण रात्री लिहिण्याचं धैर्य राहील असं वाटत नाही.

बयाबाई आली होती. आज भाकरी नव्हती. समोर उकिडवी बसली आणि गवताची काडी मोडत राहिली.

"बाई, परवा तुम्हाला कोयता दाखवतील म्हणं."

"दाखवतील."

"वकील इचारतील, कुणाचा."

तुला तो कोयता आठवत असेल. तुझ्या बाबांनी पोलादपूरच्या लोहाराकडून करून घेतलेला, मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली. बाबा गेल्यावर मीच तो सोनबाला दिला. रोज त्याच्या कमरेच्या आकडीत असायचा. माझ्या फिर्यादीत लिहिलंय की बिलाल रात्री माझ्या जमिनीत घुसला आणि विचारायला आलेल्या माणसांवर त्याने कोयता उगारला. सोनबाच्या तळहाताला जखम होती, ती पुरावा म्हणून लागली. सकाळी ठाण्यात टेबलावर तो कोयता ठेवला होता. मी तांब्याची तार बघितली. मग कागदावर सही केली.

लहानसं पाप सांगायची माझी जुनी सवय तू ओळखतेसच. रविवारच्या पत्रात लिहिलं, मी तिथे नव्हते. तिथे नव्हते हे खरंच. पण सकाळी टेबलापाशी होते.

"तुम्ही खरं बोलाल, तुमचा जीव हलका होईल," बयाबाई म्हणाली, "नि आमचा माणूस आत जाईल. पोराचा हात कुणी मोडला ते बाहेर पडेल. त्या रात्री गेलेल्या चौघांतला हाच गरीब. बाकीच्या तिघांना भाऊबंद हायत."

"बिलालला सहा वर्षं झाली, बयाबाई. तारखेला येतो, जातो. ओमानमध्ये सलालाला चुलत्याच्या दुकानात नोकरी होती, पोलिसांचा दाखला मिळेना म्हणून गेली. मनगट वाकडं राहिलंय."

"ते मला नाय दिसत? बाजारात दिसतो ना तो. मान खाली घालून जातो. मीच दुसरीकडं बघते." तिने काडी टाकली. "पण माझा साहिल बिरवाडीला आत्ताशी कंपनीत लागलाय. खोली घेतलीन. त्याच्या लग्नाचं बघतोय. बापावर केस झाली तर कोण देल पोरगी? तुमचं काय, तुम्हाला कोण इचारतंय?"

मी तिला म्हटलं, मी सांगेन की मीच पाठवलं.

"सांगा. तुम्ही पाठवलंत, नि गेला कोण? शिकलेल्या बायका पाठवतात, बाई. आमची माणसं जातात."

मग उठून पदर झटकला आणि म्हणाली, "रातच्याला पाणी जवळ ठेवा. घसा कोरडा पडतो नि माणूस उगाच घाबरतो." एवढं बोलून गेली. तिचं कुठलं बोलणं मला जास्त लागलं, सांगता येत नाही.

आई


बुधवार, १० डिसेंबर, रात्री

अक्षू,

चौथी रात्र. आता मला आवाज ओळखू यायला लागलेत. झाडावर खसपसतं ते उदमांजर, काल त्याने माझी केळी नेली आणि सालं दाराशी टाकून गेलं. जमिनीलगत एकसुरी टकटक चालते तो रातवा पक्षी. ओढ्यापलीकडे काय चालतं ते माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणून ते वाईटच असेल असं आता वाटत नाही. हे तुझ्याकडून शिकायला हवं होतं. तेव्हा मी तुला पुन्हा पुन्हा विचारायचे, रानात काय ठेवलंय?

आता लिहिते. क्रमाने लिहिते.

त्या रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी तू मला फोन केलास. तुझी माळावरची पहिलीच एकटीची रात्र. कुजबुजत होतीस. "आई, बाहेर काहीतरी आहे. श्वास ऐकू येतोय. फक्त बोलत राहा ना माझ्याशी." एवढंच मागितलंस तू. बोलत राहा.

मी म्हणाले, "हौस होती ना? मग भोग आता." आणि फोन ठेवला.

मला वाटलं, घाबरेल, सकाळी खाली येईल, पुन्हा जाणार नाही. भीतीने तुला माझ्या पदराशी परत आणावं, असं मला वाटत होतं. मी दिवा मालवला नाही. फोन उशाशी ठेवून पडून राहिले. सोनबाचा नंबर होता, त्याचं माचाण तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर. मी त्याला सांगितलं असतं तर पाच मिनिटांत तो तुझ्याजवळ आला असता. त्या सव्वा तासात मी त्याला फोन केला नाही. बिबट्याची भीती खरी असती तर केला असता.

साडेअकराला तुझा दुसरा फोन आला. आवाज अगदी वेगळा. मागे स्टोव्हचा आवाज, कुणीतरी हसत होतं. "आई, झोप आता. बिलाल आलाय महाडहून बाइकवरून. आम्ही चहा करतोय. मी ठीक आहे." मी ऐकावं, काळजी करू नये, म्हणून तू सांगितलंस. मी तुला तसं झिडकारल्यावरही तू माझ्या झोपेची काळजी केलीस.

तो फोन ठेवला आणि मी सोनबाला लावला.

तू घाबरलेली होतीस तोवर मी कुणालाही बोलावलं नाही. तुझी भीती गेली तेव्हा बोलावलं.

काय म्हणाले तेही लिहिते, सोनबाने तोंडातून काढलं नाही ते. मी म्हणाले, "मुसलमानाचा पोर माझ्या मुलीच्या तंबूत शिरलाय. चार माणसं घेऊन जा आणि त्याला असा धडा दे की पुन्हा चढ चढणार नाही." बिलाल. तुझ्याबरोबर कॉलेजात होता, माझ्या स्वयंपाकघरात बसून वालाची उसळ खायचा. त्याच्या वडिलांनी, अमजदभाईंनी, बाबांच्या आजारपणात ॲम्ब्युलन्स मिळेना तेव्हा टेम्पोत गादी घालून त्यांना मुंबईला नेलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. फोनवर बोलताना मी त्याचं नाव घेतलं नाही, धर्म सांगितला. नाव घेतलं असतं तर सोनबा थबकला असता. बिलालला तो ओळखत होता.

त्याला अंधारात ओळखलंच नाही, असं सोनबा आज म्हणाला. मनगटावर काठी बसल्यावर बिलाल ओरडला, "सोनबाकाका, मी हाय!" तेव्हा कळलं. तोवर बाकीच्या तिघांचे हात थांबत नव्हते. सोनबा मध्ये पडला, त्यात स्वतःचाच कोयता तळहाताला लागला. ती जखम मी बिलालच्या नावावर लिहिली.

प्रेम होतं का तुमचं? मी सहा वर्षं हेच विचारत आले, मनात. आज वाटतं, असतं तरी काय, नसतं तरी काय. तुला एक हाक द्यावीशी वाटली, तो बारा मैल घाट चढून आला. मी तुझी आई असून दिवा लावून पडून राहिले.

उद्या अकराला कोर्ट. संध्याकाळी सोनबाच्या घरी जाऊन त्याला सांगितलं, मी कोयत्याबद्दल खरं बोलणार आहे, आणि तू मध्ये पडलास हेही. तो म्हणाला, "बोला. मलाबी झोप नाय येत." बयाबाई दाराआड होती. तिने भांडं आपटलं.

आई


महाड
गुरुवार, ११ डिसेंबर, संध्याकाळी

अक्षू,

झालं.

सरकारी वकिलांनी फिर्याद वाचून दाखवली आणि विचारलं, ही तुमचीच ना. मी म्हटलं, सही माझी आहे, मजकूर खोटा आहे. त्यांना वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा मोठ्याने वाचलं. मी पुन्हा तेच म्हणाले. मग दोन्ही फोन सांगितले, दहा दहाचा आणि साडेअकराचा, आणि त्यानंतर मी केलेला तिसरा, शब्दन् शब्द. ते शब्द म्हणताना बोर्डिंगमध्ये शिकवलेले माझे स्पष्ट उच्चार कोर्टभर ऐकू गेले. कोयता दाखवला. मी म्हटलं, माझ्या घरचा, मी सोनबाला दिलेला, रोज त्याच्या कमरेला असायचा. बिलालचा तो कधीच नव्हता. तिघांना थांबवायला सोनबा मध्ये पडला, हे मी न विचारता सांगितलं. न्यायाधीश म्हणाल्या, ही तुम्ही पाहिलेली गोष्ट नाही, लिहून घेता येणार नाही. त्याच्या बाजूचं तेवढंच गळलं. कोयता मात्र लिहून घेतला.

सरकारी वकिलांनी मला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली. मिळाली. न्यायाधीशांनी विचारलं, खोटी फिर्याद दिल्याबद्दल तुमच्यावर कारवाई होऊ शकते, समजतंय ना? मी हो म्हटलं. पुढची तारीख नऊ जानेवारी. बिलालचे वकील म्हणतात तो सुटेल. सोनबाचं काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो सकाळी माझ्याबरोबर एसटीने आला होता. साक्ष देऊन मी बाहेर आले तेव्हा कोर्टाबाहेरच्या बाकावर नव्हता. फोन लावला, तो बयाबाईने उचलला. "तुमचं झालं ना बाई समाधान?" म्हणाली आणि ठेवला.

बाहेर पायऱ्यांवर अमजदभाई बसले होते. पार थकलेत. मी समोर उभी राहिले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, इतक्या वर्षांत कितीदा तरी. त्यांनी हात जोडले, माझं बोलणं थांबवायला, आणि टेम्पोकडे निघून गेले.

बिलाल मागे राहिला. डाव्या हाताने फाइल धरली होती. बत्तीस वर्षांचा आहे, कानांपाशी पांढरे झालेत.

"काकू," तो म्हणाला, "त्या रात्री बाहेर साळिंदर होतं. मी पोचलो तेव्हा तंबूमागं दोन काटे पडलेले. तिला दाखवले तर स्वतःवरच हसायला लागली. तेव्हाच तिने तुम्हाला फोन लावला." फाइल काखेत घेऊन म्हणाला, "ते हसणं तुम्ही ऐकलंत, म्हणालात ना आत."

मी मान हलवली. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, पण तो आधीच दुसऱ्या विषयावर गेला.

"माळावर राहताय म्हणे?"

"हो. आज रात्री परत जाईन."

"सोनबाकाका येतील राखणीला?"

"आता नाही येणार."

"एकट्याच मग. भीती नाही वाटत?"

"वाटते," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. "मग कुणाला तरी फोन करा," तो म्हणाला आणि रस्ता ओलांडून टेम्पोत जाऊन बसला.

आई